आगीपर्यंत पोचायचं आहे

माझे मामा वर्धा जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या अग्निशमन दलात होते. आता निवृत्त आहेत. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. कुणी विचारलं तर "ड्युटीवर लागलं" एवढंच सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं, आगीत लागलं असणार. पण त्या दिवशी मामा आगीपर्यंत पोचलेच नव्हते.

उन्हाळ्याची दुपार होती. एका जिनिंगमध्ये कापूस पेटल्याचा फोन आला. कापसाची आग आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. वरून विझल्यासारखी दिसते आणि गठाणीच्या आत धुमसत राहते. बंब निघाला. वळणावर म्हैस आडवी आली, ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि मागे बसलेले मामा पुढच्या सहकाऱ्यावर जाऊन आदळले. मामांचा खांदा मोडला. सहकाऱ्याचं डोकं फुटलं, एका कानाने त्याला आजही कमी ऐकू येतं. दुसऱ्या गावाहून बंब येईपर्यंत जिनिंग जळत राहिलं.

पुढच्या सहकाऱ्याने सीटबेल्ट लावला होता. मामांनी लावला नव्हता.

मी कॉलेजात असताना एकदा त्यांना विचारलं, "मामा, बेल्ट का नाही लावला?" ते चिडले. "अरे बाबू, आगीत उडी मारनारा मानूस बेल्टले भेते का? जीव द्याले तयार असलेल्याले तू जीव कसा जपाचा ते शिकवतं?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. जो माणूस दुसऱ्यासाठी मरायला तयार आहे, त्याला 'स्वतःला जप' असं सांगायचा अधिकार आपल्याला आहे का?

आपल्या जिल्ह्याने अशी माणसं पाहिली आहेत. ३० आणि ३१ मे २०१६ च्या मधल्या रात्री पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली. ती विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे अनेक जवान परत आले नाहीत. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत स्फोट झाले, त्यात ६६ जवान गेले. म्हणून देशभर १४ एप्रिलला त्यांची आठवण काढली जाते. या मरणांपुढे आपण मान खाली घालतो, कारण ती माणसं आगीच्या समोर उभी होती.

रस्त्यातल्या वळणावर गेलेला जीव मात्र कुणाच्या उपयोगी पडला? त्याने ना कुणाला बाहेर काढलं, ना एक ठिणगी विझवली. त्याचं शौर्य कमी नव्हतं. पण त्या शौर्याला जिथे काम होतं, तिथे ते पोचलंच नाही. त्याग आणि नुकसान यांत मला हाच फरक दिसतो. त्याग कुणाच्या तरी हाती पडतो. नुकसान कुणालाच मिळत नाही.

"माझा जीव, माझी मर्जी" हेही बंबात बसल्यावर खरं राहत नाही. त्या दहा मिनिटांत तो जीव धुरात अडकलेल्या माणसाचाही असतो आणि पुढच्या सीटवरच्या सोबत्याचाही. त्या सोबत्याने स्वतःची सगळी काळजी घेतली होती, तरी मामांच्या न लावलेल्या बेल्टची किंमत त्याच्या कानाने दिली.

थोडा हिशोब करू. ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी एकदम थांबली, तर आतलं शरीर साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडल्याइतक्या वेगाने आदळतं. त्यात बंबाच्या टाकीत हजारो लिटर पाणी असतं. टाकी अर्धी भरलेली असेल तर वळणावर ते एका बाजूला झेपावतं आणि गाडी उलटायला बघते. विहिरीत पडलेल्याला काढायला उतरताना हीच माणसं कमरेला दोर बांधतात. त्याला कुणी भित्रेपणा म्हणत नाही. बेल्ट हा त्याच दोराचा भाऊ आहे.

पण सगळा दोष जवानाच्या माथी मारणं मला पटत नाही. जुन्या गाड्यांत मागच्या सीटला बेल्टच नसतात. असले तर जाड कोट चढवल्यावर पुरत नाहीत. गाडीत बसल्याबसल्या गमबूट, हेल्मेट चढवायचं असतं, तेव्हा बेल्ट आड येतो. अमेरिकेत टेक्सासमधल्या अमारिलो शहरात २००५ साली एक तरुण जवान असाच कपडे चढवताना धावत्या गाडीतून पडून गेला. त्यानंतर तिथल्या जवानांनी बेल्ट लावण्याची शपथ घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे बेल्ट नसेल तर दंड आहे. पण सायरन वाजवत निघालेल्या बंबाला कोणता पोलीस अडवणार? तिथे कायदा पोचत नाही, सोबतीच पोचतो. "सगळ्यांचे बेल्ट लागले का?" असं विचारून, होकार आल्याशिवाय गिअर न टाकणारा ड्रायव्हर पोचतो.

मागच्या दिवाळीत हे सगळं मी मामांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तू म्हनतं ते बरोबर असन. पन फोन आला का डोक्यात आगच असते रे. बेल्ट आठवतच नाही."

हे मला माझ्या सगळ्या युक्तिवादापेक्षा खरं वाटलं. डोक्यात आग असताना विचार सुचत नाही, सवयच कामी येते. ती सवय शांत दिवशी लावावी लागते, आणि तिच्यासाठी चांगला बेल्ट देणं हे आपलं, नगरपरिषदेला कर भरणाऱ्यांचं काम आहे.

निघताना मी त्यांना गाडीत पुढे बसवलं. त्यांनी डाव्या हाताने बेल्ट ओढला, उजव्याने खटका लागेना. मी लावून दिला. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्याचा कान... मीच नेला." आम्ही घरी पोचेपर्यंत दुसरं काही बोललो नाही.