किती पुरेल आणि कोणाला?



रविवारच्या मिस्सानंतर आवारात उभे असताना एक प्रश्न हल्ली मला वरचेवर विचारला जातो. विचारणारे गृहस्थ साधारण पंचेचाळीस ते बावन्नच्या घरातले असतात. वीस-पंचवीस वर्षे वसईहून चर्चगेटपर्यंत उभ्याने प्रवास करून पाठ धरलेली असते. घराचे कर्ज फिटलेले असते, एक मूल नोकरीला लागलेले असते, कधी वाडीचा तुकडा विकून थोडी रक्कम हाती आलेली असते. ते म्हणतात, "फादर, आता पुरे झाले. इतके इतके जमले आहेत. सोडून दिली नोकरी तर चालेल का?"

यातला हिशेब त्यांना माझ्यापेक्षा चांगला येतो. शिवाय या बाबतीत मी सल्ला द्यावा अशी माझी स्थितीही नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार प्रमुख धर्मगुरूने पंचाहत्तरी पूर्ण झाल्यावर राजीनामा सादर करावा असे आहे, म्हणजे माझी अजून बरीच वर्षे शिल्लक आहेत आणि जेवणाखाण्याची काळजी तुम्हीच घेता! तरीही प्रश्न विचारला जातो, कारण तो फक्त पैशाचा नाही हे विचारणाऱ्यालाही आतून ठाऊक असते.

पण म्हणून पैशाचा भाग उडवून लावता येत नाही. "देवावर विश्वास ठेवा, तो पाहून घेईल" हे उत्तर अशा वेळी फार स्वस्तातले आहे. बुरूज बांधायला निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हे प्रभूनेच सांगितले आहे (लूक १४:२८-३०). तेव्हा आपणही आधी बसू या.

समजा घरखर्च महिना ४० हजार आहे, म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट रक्कम असली की झाले, असा एक नियम आपल्या तरुण मंडळींच्या तोंडी असतो. त्या हिशेबाने १ कोटी २० लाख होतात. हा नियम आला कुठून? १९९४ साली अमेरिकेतील आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी तिथल्या शेअर्सचे आणि रोख्यांचे १९२६ पासूनचे आकडे तपासले. पहिल्या वर्षी पुंजीच्या सुमारे ४ टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत नेली, तर पैसा तीस वर्षे पुरतो, असे त्यांना आढळले. चांगला अभ्यास आहे. पण तो तिथल्या बाजाराचा आहे, निम्मी किंवा त्याहून जास्त पुंजी शेअर्समध्ये ठेवणाऱ्याचा आहे आणि तीस वर्षांचा आहे. साठाव्या वर्षी थांबणाऱ्याला तीस वर्षे नव्वदीपर्यंत नेतात. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी थांबणाऱ्याला अठ्ठ्याहत्तरपर्यंतच.

आपल्याकडे बहुतेकांचा पैसा बँकेत मुदत ठेवीत असतो. कर वजा जाता व्याज आणि महागाई जवळपास बरोबरीने धावतात असे धरले, तर पंचवीस पट पुंजी बरोबर पंचवीस वर्षे पुरते. ४८ अधिक २५ म्हणजे ७३. आपल्या धर्मग्रामात पुढच्या बाकावर बसणाऱ्या आजीआजोबांची वये एकदा मनात आणा. महागाई ६ टक्के धरली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो: आजचे ४० हजार साठाव्या वर्षी ८० हजार आणि बहात्तराव्या वर्षी १ लाख ६० हजार.

व्याजाचा दर आपल्या हातात नसतो, हेही आपल्या पिढीने पाहिले आहे. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती योजना आली आणि देशभरात सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. घराघरात चर्चा चालत, रक्कम हाती आली की व्याजावर घर चालेल. जानेवारी २००० पर्यंत पीपीएफवर १२ टक्के व्याज होते. मार्च २००३ मध्ये ते ८ टक्के झाले होते, आणि एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्के. इतर व्याजदरही त्याच वाऱ्याने खाली आले. ज्याने बारा रुपये धरून संसार आखला, त्याला तीनच वर्षांत आठ रुपयांत तो बसवावा लागला. २०१९ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या पन्नाशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्यांना तर हा सगळा विचार करायला ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर एवढाच अवधी होता.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. भविष्य निर्वाह निधीची पेन्शन पन्नाशीनंतर घेता येते, पण अठ्ठावन्नला जितकी वर्षे कमी तितके दर वर्षामागे ४ टक्के कापले जातात. आणि कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो. मधुमेह असलेल्या माणसाने स्वतःचा विमा काढला, तर त्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. तेव्हा विमा नोकरीत असतानाच काढून ठेवलेला बरा.

आता मला ज्याविषयी बोलायचे आहे तिकडे येतो.

आपल्या मराठीत 'पुरणे' हे क्रियापद मोठे प्रामाणिक आहे. ते एकटे उभे राहत नाही. 'पुरेल' म्हटले की लगेच 'कोणाला?' असे विचारावे लागते. मला पुरेल, आम्हाला पुरेल, पाहुणे आले तरी पुरेल. माझ्यासमोर जे कागद धरले जातात त्यांत आकडे नीट असतात, पण माणसे गळलेली असतात. नवरा स्वतःच्या ऐंशीपर्यंतचा हिशेब मांडतो. बायको पाच वर्षांनी लहान आहे आणि स्त्रिया सहसा जास्त जगतात, म्हणजे कागद तिच्या नव्वदीपर्यंत जायला हवा, हे त्याच्या ध्यानात येत नाही. आणि निवृत्ती नक्की कोणाची? तो घरी बसला की तिच्या स्वयंपाकघरात दुपारचे एक गरम जेवण आणि दोन चहा वाढतात. तिला कोणतीही स्वेच्छानिवृत्ती योजना लागू नाही. हा निर्णय तिला विचारून घेतला आहे का, असे मी विचारतो तेव्हा पुष्कळदा शांतता पसरते.

दुसऱ्या बाजूला असेही लोक आहेत ज्यांचे सगळे हिशेब झालेले आहेत, रक्कम पुरेशीच्या वर गेलेली आहे, शरीर थकले आहे, घरची माणसे "आता थांबा" म्हणत आहेत, आणि तरीही त्यांना थांबवत नाही. आधी पन्नास लाख झाले की थांबू म्हणत होते, मग एक कोटी, आता दोन. त्यांना लोभी म्हणणे सोपे आहे, पण बहुतेक वेळा ते खरे नसते. त्यांतले कित्येक साध्या चपलेत फिरतात. त्यांना हाव नाही, भीती आहे.

ॲरिस्टॉटलने 'राज्यशास्त्र' या ग्रंथाच्या पहिल्या भागात यावर विचार केला आहे. घर चालवण्यासाठी लागणारी संपत्ती हे साधन आहे, आणि कोणत्याही कलेच्या साधनाला मर्यादा असते, असे तो मांडतो. वाडीत काम करणाऱ्याला एक कोयता लागतो, फार तर दोन. चाळीस कोयते असलेला माणूस चांगला शेतकरी ठरत नाही. मग पैशालाच मर्यादा का राहत नाही? त्याचे निदान असे, की माणसांची धडपड चांगले जगण्यासाठी नसून नुसते जगत राहण्यासाठी असते, आणि त्या इच्छेला अंत नाही. सेमिनरीत हे वाचले तेव्हा मला ते व्यापाऱ्यांवरचे भाष्य वाटले होते. आता ते आवारात भेटणाऱ्या माणसांविषयी वाटते.

ही भीती मी थोडी खोदून पाहतो तेव्हा तळाशी जवळजवळ नेहमी एकच वाक्य निघते: "म्हातारपणी कोणापुढे हात पसरायला नको." हे वाक्य स्वाभिमानाचे आहे आणि मला त्याचा आदर आहे. मुले परदेशात, सुना नोकरीवर, हे वास्तव मी पाहतो. पण याचा हिशेब करून पाहा. कोणाचीही कधीही गरज लागू नये, यासाठी किती रुपये लागतील? दोन कोटींत नर्स ठेवता येईल. ती नर्स नीट वागते का हे पाहायला कोण? बँकेच्या कागदावर सही करताना हात थरथरला तर तो धरायला कोण? या प्रश्नाला आकडा नाही. म्हणून आकडा वाढत राहतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिऑलॉजिका'मध्ये दानधर्माची चर्चा करताना नेमका हा गुंता हाताळला आहे. गरजेपुरते कोणते आणि जास्तीचे कोणते, हे ठरवायचे कसे? पुढे काय काय होऊ शकेल याची प्रत्येक शक्यता मोजत बसण्याची माणसावर सक्ती नाही, असे ते म्हणतात, कारण तसे करणे म्हणजे उद्याची ती चिंता, जी प्रभूने करू नका म्हटले. जे संभवनीय आहे, जे बहुतेकांच्या बाबतीत घडते, त्यावरून ठरवावे. आणि आपल्या स्थितीला साजेसे जगायला किती लागते याची रेषा एका ठिपक्यावर नसते, थोडे अधिक असले तरी ते फाजील ठरत नाही आणि थोडे काढले तरी माणूस नीट जगू शकतो, हेही ते मान्य करतात. मला यात मोठी सुटका दिसते. बायको नव्वदीपर्यंत जगेल, महागाई वाढेल, गुडघ्याचे ऑपरेशन होईल, हे संभवनीय आहे, ते धरा. बँक बुडेल, मुलगा तोंड फिरवेल, तिन्ही आजार एकदम येतील, अशी सगळी संकटे एकाच कागदावर मांडू नका. तो कागद कधीच पुरा होणार नाही.

लूकच्या बाराव्या अध्यायातला धनवान शेतकरी आपण दर वेळी लोभाचे उदाहरण म्हणून ऐकतो. मला तो लवकर निवृत्ती घेणारा माणूस दिसतो. त्याचा हिशेब चुकलेला नाही, कोठारे भरलेली आहेत, पुष्कळ वर्षांची तरतूद आहे, आता विसावा घ्यायचा आहे. साठवणे हाच दोष म्हणावा तर इजिप्तमध्ये योसेफानेही सात वर्षे धान्य साठवले, आणि त्याला आपण शहाणा म्हणतो. फरक असा, की योसेफाच्या कोठारात दुष्काळात येणारी माणसे आधीपासून मोजलेली होती. हा शेतकरी मात्र सारे बोलणे स्वतःच्या जिवाशीच करतो. बायको, भाऊ, गडी, कोणीही त्या बोलण्यात नाही. 'पुरेल' म्हणाला, 'कोणाला' विचारलेच नाही.

म्हणून कागद घेऊन येणाऱ्याला मी हल्ली एवढेच सांगतो, की आकड्यांच्या शेजारी नावे लिहा. कोण तुमच्यावर अवलंबून आहे ते एका बाजूला, आणि उद्या तुम्ही कोणावर अवलंबून राहायला तयार आहात ते दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू लिहिताना लोकांना जास्त वेळ लागतो.

एका गृहस्थांनी ही यादी खरोखर केली. वय एक्कावन्न. पहिल्या बाजूला पत्नीखेरीज अविवाहित थोरली बहीण आली, जी त्यांच्या मूळ कागदात नव्हती. तिच्या औषधांचे महिना साडेचार हजार कोण देते हे इतकी वर्षे कोणी बोलले नव्हते, ते देतच होते. दुसऱ्या बाजूला बराच वेळ काही लिहिले नाही. मग धाकट्या भावाचे नाव लिहिले, ज्याच्याशी वाडीच्या बांधावरून सहा वर्षे बोलणे बंद होते. अचानक येणाऱ्या खर्चासाठी ठेवलेले पंचवीस लाख त्यांनी दहावर आणले, बहिणीची औषधे धरली, आणि तरी दोन वर्षांचा खर्च कमी पडला. ते अजून सकाळच्या लोकलने जातात. भावाकडे मागच्या महिन्यात एकदा जाऊन आले, चहा घेतला, बांधाचा विषय कोणी काढला नाही.