धूर आणि सावली

बंदी म्हटलं की आपल्या कानाला खटकतं. खटकणारच. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांच्या गळ्यात थुंकायला मडकं होतं, बाबासाहेबांनी १९३६ साली ते लिहून ठेवलंय. का, तर दुसऱ्याला विटाळ नको. म्हणून २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी विडी-सिगारेटवर कडक नियम आले तेव्हा आपल्यातलेच काही बोलले, गरिबाची विडी तेवढी दिसली. मला हे पटत नाही. आपल्या सावलीनं कुणाचं फुप्फुस सडलं नव्हतं. धुरानं सडतं. एष्टीत शेजारचं पोर उठून जाणार कुठं? तिथं 'माझी विडी, माझे पैसे' हे स्वातंत्र्य नव्हे, दांडगाई.

पण सोलापुरात हा कायदा अर्ध्यावरच थांबतो. इथं हजारो बाया घरीच विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला झोपलेलं लेकरू. एकही विडी न ओढता तंबाखूची धूळ दोघांच्या नाकातोंडात जाते. घर काही सार्वजनिक जागा नाही, म्हणून कायद्याला ती दिसत नाही. आणि उद्या विडीच बंद करा म्हणणाऱ्यांनी हजार विड्यांची मजुरी कोण भरून देणार, या बाईला दुसरं काम कुठं देणार, तेही त्याच सभेत सांगावं.