झुकलेले देऊळ आणि शिफारसपत्र

काशीच्या शिंदे घाटावर, मणिकर्णिकेला अगदी लागून, रत्नेश्वर महादेवाचे देऊळ आहे. ते सुमारे नऊ अंशांनी एका बाजूला कललेले आहे आणि वर्षातले बरेच महिने त्याचा गाभारा गंगेच्या पाण्यात असतो. ते का कलले, याच्या दोन गोष्टी तिथे सांगतात. एक अशी, की राजा मानसिंहाच्या सेवकाने ते आईसाठी बांधले आणि 'आईचे ऋण फेडले' असे म्हटले; त्याच क्षणी देऊळ झुकले. म्हणून त्याला मातृऋण महादेवही म्हणतात. दुसरी गोष्ट अहिल्याबाई होळकरांच्या रत्नाबाई नावाच्या दासीची. तिने बाईसाहेबांकडून पैसे घेऊन देऊळ बांधले आणि त्याला नाव दिले स्वतःचे. अहिल्याबाईंना ते रुचले नाही, आणि त्यांच्या शब्दाने देऊळ कलले.

या दंतकथा आहेत, इतिहास म्हणून त्या घेऊ नयेत. बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधवलेला हा घाटच स्वतःच्या दगडांच्या भाराने खचला होता आणि पुढे तो पुन्हा बांधावा लागला, असे सांगतात. नदीकाठच्या मातीला एवढे ओझे पेलत नाही, हे कारण पुरेसे आहे. तरी दुसरी गोष्ट ऐकताना मी अस्वस्थ झाले. माझ्या पिशवीत त्या वेळी एक शिफारसपत्र होते. सही सरांची होती, मजकूर सगळा माझा.

हे आता सर्रास चालते. नोकरीसाठी पत्र मागायला गेलो की सर किंवा साहेब म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." त्यात त्यांचा आळसच असतो असे नाही. दोनशे विद्यार्थ्यांमधल्या एकाचे काम त्यांना तारखेनिशी कसे आठवणार? कच्चा मसुदा करून नेणे ही त्यांची सोय आहे, आणि 'मी नाही बाई स्वतःबद्दल लिहिणार' म्हणून अडून बसणे म्हणजे नम्रता नव्हे. त्यातही 'मी किती नम्र' हे दाखवणे असतेच.

शिवाय वाणिज्य शाखेत हा प्रकार नवा नाही. लेखापरीक्षणात कंपनीचे व्यवस्थापन लेखापरीक्षकाला लेखी निवेदन देते. त्याचा नमुना बहुतेक वेळा लेखापरीक्षकच पुरवतो. कंपनी तो आपल्या लेटरहेडवर छापून सही करते. म्हणजे ज्याला पत्र यायचे, तोच ते लिहितो! कुणाला त्यात वावगे वाटत नाही, कारण सही करणारा प्रत्येक वाक्याची जबाबदारी घेतो. आणि लेखापरीक्षणाचे मानक स्पष्ट सांगते की असे निवेदन एकटे पुरेसा पुरावा होत नाही.

मग माझ्या पत्रात काय बिघडले होते? एकच वाक्य. 'कॉलेजच्या कर-मार्गदर्शन उपक्रमाचे हिने नेतृत्व केले.' उपक्रम आम्ही चौघींनी केला होता. नेतृत्व असे कुणाचेच नव्हते. असलेच तर त्या मैत्रिणीचे, जी रोज आधी येऊन खुर्च्या मांडायची आणि आजी-आजोबांचे फॉर्म शांतपणे पुन्हा पुन्हा तपासायची. ती त्याच नोकरीसाठी अर्ज करत होती, आणि पत्र त्याच सरांकडून घेणार होती. तिने स्वतःबद्दल असे काही लिहिले नसणार, हे मला पक्के ठाऊक होते. सरांनी माझे पत्र न वाचता, स्टाफरूमच्या दारातच सही करून दिले होते.

महाभारताच्या कर्णपर्वात एक प्रसंग आहे. युधिष्ठिर रागाच्या भरात अर्जुनाला गांडीव दुसऱ्या कुणाला दे म्हणतो. असे म्हणणाऱ्याला मारण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा असते. श्रीकृष्ण तोड सुचवतात: वडीलधाऱ्याचा अपमान म्हणजे त्याचा वधच, तेव्हा नुसते बोलून घे. अर्जुन बोलतो, आणि मग पश्चात्तापाने स्वतःचाच शिरच्छेद करायला निघतो. त्यावर श्रीकृष्ण म्हणतात, स्वतःची स्तुती कर, ती आत्महत्येसारखीच आहे. हा प्रसंग आपण सत्संगात अनेकदा ऐकतो. पण अर्जुनाने निदान ती स्तुती स्वतःच्या तोंडाने, युधिष्ठिरासमोर केली. मी ती सरांच्या तोंडी घातली होती. मला वाटते, हे जास्त वाईट.

मी आपल्या संकेतस्थळासाठी हिंदी प्रवचनांचा मराठी अनुवाद करते. तिथे रोज 'मी' लिहिते आणि तो 'मी' माझा नसतो. वक्त्याने न म्हटलेले एखादे सुंदर वाक्य सुचले तरी ते घालायचे नाही, हे पहिल्याच दिवशी ज्येष्ठ सेवकांनी शिकवले. अनुवादाला मूळ लागते. माझ्या पत्राला मूळच नव्हते. सरांना माझ्याबद्दल काय वाटते, हे मी त्यांना विचारलेच नव्हते. त्यांच्या मनात जे नाही त्याचा मी अनुवाद केला होता.

परत आल्यावर मी मसुदा पुन्हा लिहिला. कोणते विषय, किती महिने, कोणते काम, कुणाबरोबर, एवढेच. चौघींचा उल्लेख केला. 'मेहनती', 'कर्तबगार' असली विशेषणे काढली आणि त्या जागी दोन ओळी कोऱ्या सोडल्या. (काही परदेशी विद्यापीठे अर्जदाराने पत्राला हातही लावू नये असे सांगतात. तिथे मसुदा न्यायचाच नाही आणि सरांना तसे स्पष्ट सांगायचे. यात दुसरा मार्ग नाही.) मग सरांकडे गेले. आधीच्या पत्रातले ते वाक्य खोटे होते, हे सांगताना आवाज नीट फुटत नव्हता. जुने पत्र त्यांच्यासमोर फाडले.

सर रागावले नाहीत. "बस," म्हणाले, आणि या वेळी पूर्ण वाचले. "त्या आजोबांच्या पेन्शनचा आकडा तू तीनदा विचारायला आली होतीस ना?" मला ते आठवतही नव्हते. कोऱ्या जागी त्यांनी आपल्या हाताने लिहिले, की ही कामाला वेळ लावते, पण खात्री केल्याशिवाय पुढे जात नाही.

पहिला अर्धा भाग वाचून मन थोडे खट्टू झाले, हे कबूल करते. 'वेळ लावते' तेवढे वगळाल का, असे विचारायचा मोह झाला. विचारले नाही. ते पत्र तसेच पाठवले, आणि मैत्रिणीला फोन करून चौघींचा उल्लेख तिनेही आपल्या मसुद्यात करावा म्हणून सांगितले. तिने तो आधीच केला होता.