माहूरला मी नक्की काय पाहिलं?



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, स्कंध ११, अध्याय ७ आणि ८.

यदुराजाला भेटलेला अवधूत आपले २४ गुरू सांगतो, तो हा भाग. हा अवधूत म्हणजेच दत्तात्रेय, असं परंपरा मानते. गुरू तरी कोण? पृथ्वी, वारा, अजगर, मधमाशी. वाचता वाचता मला गेल्या हिवाळ्यातलं माहूर आठवलं. त्या दिवसाबद्दल मी अजून कुणाशी बोललेलो नाही.

माहूर आपल्या नांदेड जिल्ह्यातलंच. नांदेडहून साधारण १३० किलोमीटर. डोंगरातलं लहानसं गाव, भोवती सागाचं जंगल, जवळून पैनगंगा. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ म्हणजे इथली रेणुकामाता. शेजारी दत्तशिखर, त्यापुढे अनसूया शिखर. शिवाय रामगड किल्ला, पांडवलेणी, मातृतीर्थ तलाव. चालायची आवड असलेल्याला एक दिवस पुरत नाही. आणि मला तर आवड आहेच! आदल्या रात्री मी मोबाईलवर यादीच केली होती.

सोबत आई होती. तिचे गुडघे दुखतात. रेणुकेच्या पायऱ्यांशी आलो तर रांग मोठी. मी म्हणालो, "आई, तू बस इथं सावलीत. तोवर मी वरची ठिकाणं करून येतो. गर्दी कमी झाली की आपण दोघं सावकाश चढू."

ती म्हणाली, "जा बाबा, मी बसते."

दत्तशिखर झालं, अनसूया झालं. किल्ल्याच्या तटावरून खालचं जंगल बघताना खरंच हात जोडले गेले. ते खोटं नव्हतं. पण "तासाभरात येतो" म्हटलेला मी साडेचार तासांनी खाली आलो. आई तिथंच होती. शेजारच्या बाईंनी दिलेला तांबुलाचा प्रसाद तिनं माझ्यासाठी पदरात बांधून ठेवला होता. ऊन उतरलं होतं, परतीची गाडी गाठायची होती. ती उठली, दोन पायऱ्या चढली आणि थांबली. "आता नाही होणार रे." खालूनच कळसाला हात जोडले आणि आम्ही निघालो.

गाडीत तिनं विचारलं, "किती ठिकाणं झाली तुझी?"

मी म्हणालो, "चार."

"बरं झालं," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

मित्रांनो, आता प्रश्न असा: माझी ती यात्रा झाली का?

डोंगर चढण्यात गैर काही नाही. अवधूतानं स्वतः पर्वताला गुरू केलंय. पण काय शिकण्यासाठी? पर्वताचं सगळं दुसऱ्यासाठी असतं, हे शिकण्यासाठी. पाणी, झाडं, सावली, त्याचं स्वतःसाठी काहीच नाही. मी पर्वतावर चढलो, पण पर्वताकडून हे घेतलंच नाही. मधमाशीकडून दोन धडे आहेत. फुलाफुलातून थोडं थोडं सार घ्यावं, हा एक. साठवू नये, हा दुसरा. मी पहिला धडा सोयीनं घेतला आणि दुसरा विसरलो. दीडशे फोटो साठवले. त्यात आईचा एकही नाही.

माहूरची कथा तर आईचीच. परशुराम कावड घेऊन इथं आले, असं सांगतात. एका बाजूला वडिलांचा देह, दुसऱ्या बाजूला आई. त्यांना पुढे अट होती, मागे वळून पाहायचं नाही. पण आईच्या ओढीनं त्यांनी पाहिलंच. तोवर तिचं मुखच वर आलं होतं, म्हणून इथं देवीच्या मुखाचंच दर्शन होतं. आईला खांद्यावर घेऊन आलेला मुलगा मागे वळल्याशिवाय राहू शकला नाही. मला तर कसलीच अट नव्हती. तरी साडेचार तासांत एकदाही मागे पाहिलं नाही.

कुणी म्हणेल, तिनंच तर जा म्हटलं होतं. हो. पण आपल्या आया "नको जाऊ" म्हणतात कधी? त्यांचं "जा" ऐकून निघणं सोपं असतं. ते "जा" कशातून आलंय, हे ओळखणं हीच खरी साधना असावी. तीर्थाला आपण किती ठिकाणं केली, हे देव मोजत असेल असं मला वाटत नाही. कुणाच्या पावलानं चाललो, हे मात्र विचारत असेल.

चैत्रात पुन्हा जातोय. या वेळी यादी नाही. पहाटे पोचायचं, दर दहा पायऱ्यांवर बसायचं, पाणी प्यायचं, पुन्हा उठायचं. आईला जमलं तर वर जाऊ. नाही जमलं तर जिथं ती बसेल तिथं मीही बसेन.

आजचा संकल्प: आज घरातल्या एका माणसाच्या चालीनं दहा पावलं चालून बघा. चाल मंद वाटली तरी पुढे जाऊ नका.

उदो बोला, उदो! अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!