दोन्ही बाजूंचा वकील

1931 च्या जानेवारीत नॉर्थहॅम्प्टनला आल्फ्रेड राऊज नावाच्या फिरत्या विक्रेत्यावर खुनाचा खटला चालला. एका अनोळखी माणसाला मोटारीत जाळून मारल्याचा त्याच्यावर आरोप होता. पेट्रोलच्या नळीच्या सांध्यावरचा पितळी नट सैल सापडला होता. आगीच्या उष्णतेनेही तो सैल होऊ शकतो, असे बचावाच्या तज्ज्ञाने सांगितले. सरकारतर्फे नॉर्मन बर्केट उलटतपासाला उठले आणि त्यांनी आधी एकच गोष्ट विचारली: पितळाचा प्रसरणांक किती? तज्ज्ञाला आकडा सांगता आला नाही आणि त्याची साक्ष तिथेच पडली. राऊज फासावर गेला. जळालेला माणूस कोण होता, ते आजतागायत कळलेले नाही.

1934 च्या डिसेंबरात हेच बर्केट लुइसच्या न्यायालयात आरोपीतर्फे उभे राहिले. टोनी मॅन्चिनीच्या ट्रंकेत एका बाईचे प्रेत सापडले होते. शवचिकित्सक सर बर्नार्ड स्पिल्सबरी सरकारी साक्षीदार होते. राऊजच्या खटल्यात स्पिल्सबरींची साक्ष बर्केटच्याच कामी आली होती. आता त्यांच्याच मताला भेग पाडायची होती. कवटीची इजा जिन्यावरून पडूनही झाली असेल, ही शक्यता बर्केटनी ज्युरीपुढे जिवंत ठेवली आणि मॅन्चिनी सुटला. पुढे 1976 मध्ये त्याने एका इंग्रजी वृत्तपत्राला सांगितले की तिला आपणच मारले होते.

आपल्याकडे अशा माणसाला दोन्ही डगरींवर हात ठेवणारा म्हणतात, आणि ती काही स्तुती नव्हे. इंग्लंडात मात्र फौजदारी बॅरिस्टरने आज सरकारतर्फे आणि उद्या आरोपीतर्फे उभे राहणे, ही वकिलीतली नेहमीची रीत. एकाच चेंबर्समधले, म्हणजे एकाच सामायिक कार्यालयातले, दोन वकील एकाच खटल्यात समोरासमोर उभे राहतात. कागदांची भेंडोळी फितीने बांधायचे तेव्हा सरकार पक्षाची फीत पांढरी आणि बचावाची गुलाबी असे. बांधलेली भेंडोळी एकाच टेबलावर पडलेली असत. याला तिथे सद्गुण मानतात. पण या सद्गुणाचा जन्म मोठ्या तत्त्वातून झालेला नाही. व्यवस्था आधी योगायोगाने तशी झाली आणि तत्त्व तिला मागाहून चिकटले.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडात चोरीचा काय किंवा खुनाचा काय, खटला बहुधा फिर्यादीलाच चालवावा लागे. सरकारी वकील असा वेगळा वर्ग नव्हता. आरोपीची अवस्था त्याहून वाईट. देशद्रोहाच्या आरोपीला 1696 च्या कायद्याने वकील मिळाला. बाकी गंभीर गुन्ह्यांत वकिलाला साक्षीदारांची उलटतपासणी घेऊ देणे न्यायाधीशांनी 1730 च्या दशकात हळूहळू सुरू केले. ज्युरीसमोर आरोपीतर्फे भाषण करण्याचा हक्क यायला 1836 उजाडले. फिर्यादीने काम दिले तर फिर्यादीचे आणि आरोपीने दिले तर आरोपीचे, असा हा धंदा होता. विल्यम गॅरो 1780 च्या दशकात ओल्ड बेलीत आरोपींचा बचाव करून गाजला आणि 1813 मध्ये अ‍ॅटर्नी जनरल झाला. यात कुणाला विसंगती दिसली नाही.

या सवयीचे तत्त्व कसे झाले, हे पाहायचे तर टॉमस अर्स्किनकडे वळावे. 1792 मध्ये त्याने टॉमस पेनच्या ‘राइट्स ऑफ मॅन’ या पुस्तकाचा बचाव केला. राजपुत्राचा अ‍ॅटर्नी जनरल हे त्याचे पद त्यात गेले. वकील नावडता अशील नाकारू लागला, तर तो निकालाआधीच निकाल देतो, असे त्याने तेव्हा मांडले. पुढे 1797 मध्ये तोच अर्स्किन पेनच्याच ‘एज ऑफ रीझन’च्या प्रकाशकावर धर्मनिंदेचा खटला चालवायला उभा राहिला आणि खटला जिंकला. नंतर त्या प्रकाशकाच्या कुटुंबाची दैना त्याच्या पाहण्यात आली. शिक्षेत दया दाखवावी, अशी त्याने खटला भरणाऱ्या आपल्या अशील संस्थेला गळ घातली. संस्थेने ऐकले नाही, तेव्हा त्याने वकीलपत्र परत केले. एकाच लेखकाची दोन पुस्तके, दोन्ही बाजूंना तोच वकील. दुसऱ्या वेळी मात्र खटला जिंकण्यापलीकडेही आपली काही जबाबदारी आहे, हे त्याला दिसले.

तेच 1865 मध्ये न्यायमूर्ती क्रॉम्प्टन यांनी शब्दांत बांधले: सरकारतर्फे उभ्या राहणाऱ्या वकिलाने स्वतःला न्यायाचा सेवक समजावे, शिक्षेसाठी झगडणारा मल्ल समजू नये. म्हणूनच तिथला सरकारी वकील परंपरेने जबर शिक्षेसाठी जोर लावत नाही. बर्केटच्या पितळाच्या प्रश्नावरही पुढे टीका झाली. तो आकडा माहीत नसणाऱ्या तज्ज्ञाचे बाकीचे ज्ञान खोटे कसे ठरते, असा टीकाकारांचा सवाल होता. सरकारतर्फे विचारलेल्या प्रश्नाला बचावाच्या प्रश्नापेक्षा वेगळा तराजू लावला जातो, एवढे या टीकेतून स्पष्ट होते.

नावडता अशील नाकारू नये, या अर्स्किनच्या विचाराशी ‘कॅब-रँक’ नियमाचेही नाते आहे. स्टँडवर पहिल्या नंबरला उभ्या असलेल्या टॅक्सीने भाडे नाकारायचे नाही; तसेच आपल्या कामातली आणि वाजवी फीची केस बॅरिस्टरने अशिलाच्या किंवा आरोपाच्या नावडीने नाकारायची नाही. सरकारी कामही त्यात आले. मार्च 2023 मध्ये शंभराहून अधिक इंग्रज वकिलांनी, त्यांत काही बॅरिस्टर, आपण हवामानासाठी शांततेने आंदोलन करणाऱ्यांवर खटले चालवणार नाही, असे जाहीर केले. त्यांची कळकळ समजण्यासारखी होती. पण खटला चालवायला नकार देण्याचा हक्क सज्जनांना दिला, तर बलात्काराच्या आरोपीचे वकीलपत्र नाकारणाऱ्याला तो कोणत्या तोंडाने नाकारायचा?

व्यवस्था आता मात्र सैल होते आहे. सरकारतर्फे खटले चालवणारी क्राउन प्रॉसिक्युशन सर्व्हिस 1986 मध्ये सुरू झाली, आणि पुढे तिचे पगारी वकीलही वरच्या न्यायालयांत उभे राहू लागले. पोलिसांकडून जे येते त्यावर रोज विश्वास ठेवत गेले, की शंका घेण्याची सवय मोडते. डिसेंबर 2017 मध्ये क्रॉयडनच्या क्राउन कोर्टात एका विद्यार्थ्यावरचा बलात्काराचा खटला चालू असताना कोसळला. तक्रारदाराच्या फोनमधले चाळीस हजारांवर संदेश बचावाच्या हाती आलेच नव्हते. ते द्यायला लावले ते सरकारतर्फे नव्याने उभ्या राहिलेल्या बॅरिस्टरने. बचावाच्या वकिलाने ते रात्रभर वाचून काढले आणि सरकार पक्षाने खटला मागे घेतला. फोनमध्ये काय असू शकते, हे कोण आधी ओळखतो? ज्याने कधी काळी तसाच फोन मागितला आहे आणि त्याला तो मिळालेला नाही, असा माणूस.

आपल्याकडे या रीतीवर अविश्वास का, त्याला इतिहास आहे. 1897 मध्ये टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर दिनशा दावर उभे होते. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी जामीन दिला. 1908 मध्ये तेच दावर न्यायाधीश होते. जामिनासाठी उभ्या राहिलेल्या बॅरिस्टर जिनांना त्यांनी नकार दिला आणि टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. टिळकांना तिचे दिवस मंडालेत काढावे लागले. दावर वकील म्हणून बाजू बदलले नव्हते, ते खुर्ची बदलून बसले होते. पण मराठी मनाला हा फरक करायला सवडच मिळाली नाही. सरकारच्या बाजूला गेलेला माणूस आपला राहत नाही, हाच धडा उरला. सरकार परके असताना तो खोटाही नव्हता.

स्वातंत्र्यानंतर नियम तेवढे आपल्याकडे आले. निर्दोष माणसाला शिक्षा होईल असे काम सरकारी वकिलाने करू नये आणि आरोपीच्या निर्दोषत्वाचा पुरावा दडवू नये, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम सांगतात. एखाद्या आरोपीचे वकीलपत्र कुणी घेऊ नये असे ठराव बेकायदा आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2010 मध्ये बजावले. त्या ठरावांची लाट पुढेही ओसरली नाही. विशेष सरकारी वकील टीव्हीच्या कॅमेऱ्यांपुढे फाशीच मागणार असल्याचे सांगतो, तेव्हा त्याला कुणी बार कौन्सिलचा तो नियम वाचून दाखवत नाही. 2022 पासून गरीब आरोपींसाठी पूर्णवेळ ‘लोकअभिरक्षक’ नेमले जात आहेत. त्यांना खासगी वकिली करता येत नाही. गरिबाला नीट वकील मिळणे मोलाचेच. पण या चांगल्या कामातूनही एक रेषा पक्की होते: हा कायमचा आरोपीचा, तो कायमचा सरकारचा.

कुणालाच दोन्हीकडे पाठवू नये, असा विचार टोकाचा नाही. पूर्णवेळ वकिलाला कामाची सखोल ओळख होते, त्याला पगाराची शाश्वती असते. फिरत्या वकिलाकडे कच्ची तयारी आणि नवी पाटी येते. त्यामुळे इंग्लंडची नक्कल करून भागणार नाही. सरकारी वकिलाच्या नेमणुकीला ठरावीक मुदत आणि त्यानंतर काही वर्षे बचावाचे काम, एवढी पाळी ठेवता येईल. लोकअभिरक्षकालाही काही काळाने सरकार पक्षाची दारे उघडी राहिली तर त्याचे नुकसान नाही. पुरावा दडवू नये असे पुस्तकात लिहिण्यापेक्षा, उद्या आपल्याच पक्षकाराचा पुरावा दुसरा कुणी दडवील, ही भीती माणसाला जास्त सरळ ठेवते.