तपासणीत मात्र ओके

पिंपरी-चिंचवडमध्ये गुरुवारी वीज गेली तर कोणी फारसं चिडत नाही. महावितरणचा दुरुस्तीचा वार ठरलेला, अनेक कारखान्यांची सुट्टीही त्याच दिवशी. माणसं इस्त्री-मिक्सर सकाळीच उरकून घेतात. जे पुरतं बंद पडतं त्याच्याशी जुळवून घेता येतं. छळतं ते दिवसातून एखाद-दोनदा दहा-वीस सेकंद बंद पडून आपलं आपण सुरू होणारं. वाकड-रावेतच्या फ्लॅटमधून काम करणाऱ्या कोणालाही विचारा. वायफायचा भरवसा नाही म्हणून मुद्दाम लॅन केबल ओढून घेतलेली असते आणि तरी ऐन मीटिंगमध्ये समोरचे चेहरे तोंड उघडं ठेवून थिजतात.

नेटवाल्याला बोलावलं की तो येईपर्यंत नेट चालू झालेलं असतं. तो स्पीड टेस्ट लावतो, "आता चालू आहे ना?" विचारतो आणि तक्रार बंद करून जातो. त्याचंही खोटं नसतं. त्याने पाहिलं तेव्हा सगळं ठीकच होतं.

अशा दोषाचा खरा उपद्रव नेट तुटण्याचा नाही, तो आपली विचारशक्ती नासवतो. तो आपोआप बरा होतो, त्यामुळे त्या क्षणी आपण जे काही करत असू त्याला श्रेय मिळतं. राऊटर बंद-चालू केला, नेट आलं. टेबल फॅन बंद केला, नेट आलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते आणि घरात एक उपचारपद्धती रूढ होते. चार महिन्यांनी त्या घरात नेट गेलं की फॅन बंद करायचा असतो, आणि का ते कोणालाच सांगता येत नाही.

गंमत अशी, की हा दोष ओळखण्याचं शास्त्र ज्यांच्या हातात रोज असतं अशी हजारो माणसं याच पट्ट्यात राहतात. भोसरी-चाकणच्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत ‘एनटीएफ’ हा शब्द नवा नाही: नो ट्रबल फाउंड. वॉरंटीत गाडीतून काढलेला भाग परत येतो, टेस्ट बेंचवर चढवला की ठणठणीत निघतो. पुरवठादार म्हणतो आमच्याकडे ओके. गिऱ्हाईक म्हणतं गाडी तर बंद पडत होती. जर्मन वाहन उद्योगाच्या व्हीडीए या संघटनेने परत आलेल्या भागांच्या तपासणीची शिस्तच घालून दिली आहे. आधी साधी चाचणी. त्यात काही सापडलं नाही तर भागावर ताण देऊन चाचणी, म्हणजे उष्णता, थंडी, कंप. तरीही काही सापडलं नाही तर एनटीएफची वेगळी प्रक्रिया. ‘ओके’ हा तिथे शेवटचा निकाल नसतो, ‘अजून सापडलेला नाही’ एवढाच त्याचा अर्थ.

वायरिंग हार्नेसच्या लाईनवर काम करणारा शेजारचा एक मुलगा असा भाग पाहिला की पहिली गोष्ट करतो ती म्हणजे तो हलवतो. माझ्या घरच्या नेटची तक्रार ऐकून तो एवढंच म्हणाला, "काका, हलवून बघितली का केबल?" संगणकामागे वाकून त्याने जॅक दोन बोटांत धरला आणि हलकेच वर-खाली केला. जॅकची प्लास्टिकची क्लिप कधीच तुटली होती. पोर्टशेजारचा हिरवा दिवा विझला, दोन-तीन सेकंदांनी परत लागला. पुन्हा हलवला, पुन्हा विझला. सीपीयू भिंतीकडे सरकवल्यापासून केबल तिथे काटकोनात दुमडली होती, आणि टेबलाखाली पाय लांब केला की तिला लागत होता.

तो दिवा फार कामाचा आहे, पण आपण बघतो फक्त पडद्याकडे. नेट तुटल्या क्षणी दिवा विझला तर दोष बहुधा संगणक ते राऊटर या टप्प्यातला: केबल, जॅक, पोर्ट, किंवा वीज वाचवायला नेटवर्क कार्ड झोपवणारी सेटिंग. दिवा तसाच आहे, पण त्याच वेळी मोबाइलच्या वायफायवरही काही उघडत नाही, तर दोष राऊटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे. पहिल्या प्रकारात कंपनीला फोन करणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आणखी एक खूण आहे. केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. दोन्ही टोकांना गिगाबिट पोर्ट असूनही लिंक १००वर अडकली असेल, तर एखादी जोडी तुटल्याचा संशय घ्यावा.

मग दुरुस्ती झाली हे कधी मानायचं? इथे आपण फार उतावीळ असतो. समजा नेट दिवसातून सरासरी एकदा तुटतं आणि त्याला ठरलेली वेळ नाही. काहीही दुरुस्त न करता एक अख्खा दिवस सुरळीत जाण्याची शक्यता ३७ टक्के आहे. सलग दोन दिवस जाण्याची १३-१४ टक्के, तीन दिवसांची ५. म्हणजे केबल बदलून एक दिवस शांततेत गेला, याला पुरावा म्हणून जवळजवळ काही किंमत नाही. दोष जितक्या दिवसांनी येतो त्याच्या निदान तिप्पट दिवस थांबावं, आणि तेवढ्या काळात दुसरं काही बदलू नये. केबल, राऊटर आणि सेटिंग एकाच संध्याकाळी बदलणाऱ्याचं नेट कदाचित सुधारेल, कशाने सुधारलं हे त्याला कळणार नाही.

वॉल्टर शूहार्टने १९२४ मध्ये कंट्रोल चार्टची कल्पना मांडली ती टेलिफोनची उपकरणं बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये. नेहमीचा चढउतार कोणता आणि शोधून काढण्याजोगं कारण कुठे आहे, हे वेगळं करण्यासाठी तो तक्ता होता. आज चाकणच्या शॉपफ्लोअरवर तो लटकतो. टेलिफोनचीच वंशज असलेली आपल्या घरातली तार मात्र नशिबाच्या भरवशावर. याला आळस म्हणणं सोपं आहे. मला वाटतं कारण वेगळं आहे. कारखान्यात दोषाला मालक असतो, त्याचं नाव तक्त्यावर असतं. घरी कंपनी राऊटरपाशी थांबते, संगणकवाला पोर्टपाशी, आणि मधली दीड-दोनशे रुपयांची केबल कोणाचीच नसते.

म्हणून पुढच्या वेळी केबल बदलून नेट सुरळीत झालं, तर जुनी केबल लगेच टाकू नका. आठवडाभराने ती पुन्हा लावा आणि हलवून पाहा. नेट तुटलं तर दोष तिचाच. मग ती कात्रीने कापून टाका, नाहीतर कोणीतरी ती ड्रॉवरमधून काढून परत जोडेल.