काटा आणि पाणी

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून घडविलेल्या जीपचे २०२१ साली देशभर कौतुक झाले. त्याच ईर्षेने माझ्या भाच्याने बारामतीत जुन्या जीपचा सांगाडा आणला आणि वर्षभर खपून ती चालती केली. परंतु इंदापूरच्या वाटेवर, निमगाव केतकीच्या अलीकडेच, पाणी उकळे. एका मिस्त्रीने थर्मोस्टॅटच काढून टाकला. काटा उतरला, रेडिएटरच्या चोंदलेल्या नळ्या मात्र तशाच!

आता गिऱ्हाईक आले आहे. "मामा, काटा खाली आहे, हे खरेच ना?"

खऱ्या वाक्याने असत्य सांगता येते काय? येते. प्रायश्चित्त संस्काराला गुडघे टेकताना मीही कितीदा नुसता काटाच उतरवून परतलो असेन! त्यामुळे उपदेशाचे धाडस झाले नाही. एवढेच म्हणालो, "मे महिन्यात, भर उन्हात, त्याची मुले मागे बसलेली असतील."